प्रकल्पात एआय वापरलं, सरांना सांगू का?

प्रश्न: मी टीवायबीकॉमला आहे. बचत गटांवरच्या प्रकल्पासाठी गावातल्या महिलांच्या मुलाखती मी स्वतः घेतल्या. पण प्रस्तावना आणि पूर्वीच्या संशोधनाचा आढावा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. सबमिशन पंधरा दिवसांवर आहे. मैत्रिणी म्हणतात, गप्प बस, 'ह्युमनाइज' करणाऱ्या, म्हणजे एआयचा मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करून देणाऱ्या वेबसाइटवरून मजकूर फिरवून घे. काय करू?

उत्तर: सरांना सांग, आणि सबमिशनच्या आधी सांग. त्या वेबसाइटच्या नादी मात्र लागू नकोस. आजवर तू मदत घेतलीस. ती झाकायला गेलीस की फसवणूक होईल.

खरी काळजी मला आढाव्याची वाटते. चॅटजीपीटी कधी कधी अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध देतं, तेही लेखक, वर्ष, पान क्रमांकासकट. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी त्याने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले आणि 5,000 डॉलरचा दंड ओढवून घेतला. म्हणून एकेक संदर्भ गुगल स्कॉलर, शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांची वेबसाइट) किंवा कॉलेजच्या लायब्ररीत शोध. सापडला नाही तर काढून टाक. सापडला तर निदान सारांश आणि निष्कर्ष वाच, आणि आढावा तुझ्या शब्दांत नव्याने लिही. चारच निबंध उरले तरी चालतील, व्हायव्हात त्यांच्यावर तुला बोलता येईल.

मग ऋणनिर्देशाच्या पानानंतर सरळ लिही: 'प्रस्तावनेचा पहिला मसुदा चॅटजीपीटीच्या मदतीने केला, नंतर मी तो बदलला. मुलाखती, आकडेमोड आणि निष्कर्ष माझे आहेत. सर्व संदर्भ मूळ ठिकाणी तपासले आहेत.' शेवटचं वाक्य तपासून झाल्यावरच घाल.

एआयचा मजकूर पकडणारी सॉफ्टवेअरही चुकतात. ओपनएआयने स्वतःचं असं टूल अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. तेव्हा उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला मुलाखतींच्या वह्या, कच्चे मसुदे, गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्ट्री जपून ठेव.

आणखी एक. त्या बायकांनी विश्वासाने सांगितलेली नावं, कर्जाच्या रकमा चॅटमध्ये टाकल्या असतील तर तो चॅट डिलीट कर आणि हेही सरांच्या कानावर घाल. पुढे नावांऐवजी 'महिला 1', 'महिला 2' असं लिही.

मार्क कापले जाणार नाहीत, अशी हमी मी देऊ शकत नाही; ते तुमच्या कॉलेजच्या नियमांवर आहे. पण पंधरा दिवस हातात असताना सांगितलंस तर सर बहुधा दुरुस्ती सुचवतील. मेल पाठवत बसू नकोस. मुलाखतींच्या वह्या घेऊन उद्याच त्यांना भेट.