कोऱ्या लेटरहेडवरची सही आणि निर्यातदाराची जबाबदारी

प्रश्न : तासगावात आमचा बेदाण्याचा व्यवसाय असून यंदा प्रथमच न्हावा शेवा बंदरातून माल परदेशी पाठवीत आहोत. कागदपत्रांचे काम पाहणारे गृहस्थ सही-शिक्का केलेली कोरी लेटरहेड मागतात. त्यांचा स्वतःचा परवाना नसून ते दुसऱ्याच्या परवान्यावर शिपिंग बिल (निर्यात मालाचे सीमाशुल्क विभागाकडे दाखल करायचे घोषणापत्र) भरतात, असेही समजले. हे नियमाला धरून आहे काय आणि चूक झाल्यास जबाबदार कोण?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : कोरी लेटरहेड देऊ नका; दिली असतील तर आजच परत मागून घ्या. अशा कागदावर कोणत्याही मालाचे, कोणत्याही किमतीचे इन्व्हॉइस तयार होऊ शकते आणि त्याखाली सही मात्र आपली असते.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४६ नुसार दुसऱ्यांच्या वतीने सीमाशुल्काच्या कागदपत्रांचे काम करण्यासाठी परवाना लागतो, आणि तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, असे कस्टम्स ब्रोकर परवाना नियमावली, २०१८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. बाजारात आजही ‘सीएचए’ (कस्टम हाउस एजंट) हाच शब्द चालत असला, तरी २०१३ पासून कायद्यातले नाव ‘कस्टम्स ब्रोकर’ असे आहे. ब्रोकरने ग्राहकाकडून अधिकारपत्र घ्यावे, त्याचा आयईसी (आयात-निर्यात संकेतांक), जीएसटी क्रमांक, ओळख आणि पत्त्यावरील प्रत्यक्ष व्यवसाय विश्वासार्ह कागदपत्रांवरून पडताळावा, हे नियम १० ने बंधनकारक केले आहे. म्हणून अधिकारपत्र परवानाधारकाच्याच नावे द्या आणि समोरच्या माणसाचे सीमाशुल्क विभागाचे ओळखपत्र पाहा. परवान्याचा धनी आपल्याला कधी भेटलेलाच नसेल, तर ही पडताळणी झालेली नाही, असेच समजावे.

जबाबदारीबाबत मात्र गैरसमज नको. कलम ५० नुसार शिपिंग बिलातील माहिती अचूक आणि पूर्ण असल्याची खात्री निर्यातदारानेच करायची असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. नियम मोडणाऱ्या ब्रोकरचा परवाना निलंबित किंवा रद्द होतो आणि त्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. पण त्यामुळे आपली सुटका होत नाही.

यासाठी शिपिंग बिल दाखल होण्यापूर्वी ‘चेकलिस्ट’ (बिलात भरायच्या माहितीचा कच्चा मसुदा) मागून घ्या आणि ती फोनवर ‘ओके’ करण्याऐवजी इन्व्हॉइस शेजारी ठेवून वाचा. बेदाण्याचे शीर्षक (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ०८०६ २० आहे का, खोक्यांची संख्या जुळते का, निव्वळ वजनाच्या रकान्यात खोक्यांसह एकूण वजन तर पडले नाही ना, हे स्वतः पाहा. माल गेल्यावर चूक आढळली, तर कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते. मात्र तिला निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाचाच आधार लागतो.

ब्रोकर नेमलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. स्वतःच्या मालाचे शिपिंग बिल निर्यातदार आइसगेट या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः भरू शकतो. पहिल्याच खेपेला ते जड वाटेल, तेव्हा परवानाधारकाशी थेट व्यवहार करणे बरे.