शिवणशंका: पिशवीचे बंद का उसवतात?

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला भेट द्यायला कापडी पिशवी शिवली. पुस्तकं भरली की बंद उसवतात. माप आणि पद्धत सांगाल का?

उत्तर : बंद बहुधा नुसत्या काठावर एका टिपेत जोडले असावेत; मग सगळा भार त्या एका ओळीवर येतो. जाड सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्या, नाहीतर पिशवी पहिल्याच धुण्यात आटते. 30 × 66 सेंमीचा एक तुकडा सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडा, दोन्ही बाजूंच्या कडांना 1 सेंमीवर टीप मारा. (चित्रांचं कापड असेल तर दोन तुकडे घ्या, नाहीतर एका बाजूचे हत्ती उलटे लटकतील!) तोंडाशी आधी 1, मग 2 सेंमी दुमड. बंदांसाठी 8 × 40 सेंमीच्या दोन पट्ट्या चौपदरी करून शिवा. टोकं दुमडीच्या आत सरकवा, बंद वर वळवा आणि चौकोन मारून त्यात फुली घाला. इथे घाई नको. इतक्या थरांवर बारीक सुई मोडते. 16 नंबरची लावा, टाक्याची लांबी 3 मिमी ठेवा. बंद 40 सेंमीहून लांब नकोत, नाहीतर मुलीच्या हातातली पिशवी जमिनीला घासते.