बेंझीन हेक्साक्लोराइड आणि हेक्साक्लोरोबेंझीन: एकच की वेगवेगळी?

पारोळ्याहून बीएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: घरातल्या जुन्या शेती-पुस्तिकेत कपाशी-ज्वारीवरच्या किडींसाठी ‘बीएचसी, म्हणजे बेंझीन हेक्साक्लोराइड’ असं छापलंय. अभ्यासाच्या पुस्तकात ‘हेक्साक्लोरोबेंझीन’ भेटतं. मिथाइल क्लोराइड म्हणजेच क्लोरोमिथेन, असं वर्गात शिकवलंय. मग ही जोडीही तशीच, एकाच पदार्थाची जुनी-नवी नावं समजायची का?

नाही. हे दोन वेगळे पदार्थ आहेत. प्रश्न मात्र फार नेमका आहे, कारण नाव उलटवण्याचा जो नियम मिथाइल क्लोराइडला चालतो, तोच इथे दगा देतो.

हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन, फ्लुओरीन, आयोडीन) असलेल्या कार्बनी संयुगांची नावं दोन तऱ्हांनी घेतली जातात. जुनी तऱ्हा सोडियम क्लोराइडच्या धाटणीची, दोन सुट्या शब्दांची: आधी गट, मग हॅलाइड. मिथाइल क्लोराइड, इथाइल ब्रोमाइड. दुसरी आययुपॅकची, म्हणजे रसायनांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची: मूळ हायड्रोकार्बनच्या नावाआधी क्लोरो, ब्रोमो, फ्लुओरो, आयोडो हे उपसर्ग जोडून एकसंध शब्द करायचा. क्लोरोमिथेन, ब्रोमोइथेन. या पद्धतीत हॅलोजनला प्रत्ययाची जागा कधीच मिळत नाही, तो कायम उपसर्गच. आणि ‘क्लोरो’ म्हटलं की एक हायड्रोजन गेला आणि त्याच्या जागी क्लोरीन बसला, असा अर्थ ठरलेला.

आता हेक्साक्लोरोबेंझीन वाचा. बेंझीनमध्ये हायड्रोजन सहाच. सहा ‘क्लोरो’ म्हणजे सगळे गेले. उरले सहा कार्बन आणि सहा क्लोरीन, बेंझीनचं कडं जसंच्या तसं. रेणुवस्तुमान २८४.८.

बेंझीन हेक्साक्लोराइडमध्ये पहिला शब्द बघा. तो मिथाइलसारखा गट नाही. बेंझीनपासूनचा गट असता तर ‘फेनाइल’ आला असता, जसं क्लोरोबेंझीनचं जुनं नाव फेनाइल क्लोराइड. इथे अख्खा बेंझीनचा रेणू उभा आहे आणि नाव सांगतंय की त्यात सहा क्लोरीन मिळवले. काढलं काहीच नाही. मायकेल फॅरेडेने १८२५ मध्ये सूर्यप्रकाशात बेंझीन आणि क्लोरीन एकत्र आणून हेच घडवलं होतं. ही समावेशन अभिक्रिया. हेक्साक्लोरोबेंझीनचं नाव मात्र प्रतियोजनाच्या, म्हणजे एक अणू काढून त्याच्या जागी दुसरा बसवण्याच्या भाषेतलं. मिळवामिळवीत बेंझीनचे दुहेरी बंध संपतात, म्हणजे तयार झालेला पदार्थ बेंझीन उरतच नाही. सहा कार्बन, सहा हायड्रोजन, सहा क्लोरीन, रेणुवस्तुमान २९०.८. त्याचं रीतसर नाव १,२,३,४,५,६-हेक्साक्लोरोसायक्लोहेक्सेन. म्हणूनच हल्लीच्या कागदपत्रांत बीएचसीऐवजी एचसीएच दिसतं, आणि माझ्या मते तेच लिहावं. ‘बेंझीन हेक्साक्लोराइड’ पदार्थ कसा झाला ते सांगतं, पण तो काय आहे याबद्दल दिशाभूल करतं.

खानदेशात चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, त्या पावडरीचा कुबट वास अजून आठवतो. दहा टक्क्यांची भुकटी पिकावर धुरळायचे, धान्याच्या पोत्यांभोवती मुंग्यांसाठी रेघ ओढायचे. गॅमेक्सीन म्हणतात ते याच कुळातलं. कीड मारण्याचा गुण मुख्यतः याच्या गॅमा समघटकात (समघटक म्हणजे तेच अणू, पण वेगळी मांडणी), आणि कारखान्यातून येणाऱ्या कच्च्या बीएचसीत तो साधारण १० ते १५ टक्केच असतो. शुद्ध गॅमाला लिंडेन म्हणतात, व्हॅन डर लिंडेन या डच रसायनशास्त्रज्ञावरून. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. (माळ्यावर जुनी पिशवी सापडलीच तर उघडू नका आणि वापरू तर मुळीच नका.)

हेक्साक्लोरोबेंझीन कीटकनाशक नाही, बुरशीनाशक. ते गव्हाच्या बियाण्याला चोळायचे. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात १९५५ ते १९५९ या काळात असं चोळलेलं बियाणं लोकांनी दळून खाल्लं आणि हजारोंना पॉर्फिरिया हा आजार जडला. उन्हात कातडीवर फोड यायचे, मुलं दगावली. म्हणून ‘नावं उलटसुलट झाली तर काय बिघडतं’ असं इथे म्हणता येत नाही.

बेंझीनची ही जोडी एकटी नाही. जळगावच्या पाइप कारखान्यांत जे पीव्हीसी लागतं, त्याची साखळी बघा. इथिलीनमध्ये क्लोरीन मिळवला की इथिलीन डायक्लोराइड, म्हणजे १,२-डायक्लोरोइथेन. ते तापवून हायड्रोजन क्लोराइड बाहेर काढलं की व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे क्लोरोइथीन. त्याच्या लांब साखळ्या म्हणजे पीव्हीसी. इथिलीन डायक्लोराइड उलटवून कुणी ‘डायक्लोरोइथिलीन’ लिहिलं, तर दुहेरी बंध शाबूत असलेला तिसराच पदार्थ समोर येतो.

ओळखायची खूण अशी: पहिला शब्द ‘आइल’ने संपत असेल (मिथाइल, इथाइल, व्हिनाइल, फेनाइल) तर तो गट, तिथे जुन्या नावावरून नवं बिनघोर करता येतं. तिथे बेंझीन, इथिलीन असा आख्खा रेणू दिसला तर थांबा आणि हायड्रोजन मोजा. मेथिलीन क्लोराइड तेवढं वेगळं ठेवा. तिथलं मेथिलीन हा दोन बंधांचा गट आहे आणि पदार्थ डायक्लोरोमिथेन.

मराठीत लिहिताना आणखी दोन गोष्टी. उपसर्गांचा क्रम रोमन अक्षरांप्रमाणेच ठेवायचा: ब्रोमो, क्लोरो, फ्लुओरो, आयोडो. आपल्या वर्णमालेने लावला तर आयोडो पहिला येईल आणि नाव जगात कुठे जुळणार नाही. डाय, ट्राय या क्रमात धरत नाहीत. भूल देण्याच्या हॅलोथेनचं नाव म्हणूनच २-ब्रोमो-२-क्लोरो-१,१,१-ट्रायफ्लुओरोइथेन असं येतं. दुसरी गोष्ट जागेची. ‘हेक्साक्लोरो बेंझीन’ असं तोडून लिहू नका. जागा सोडली की ते जुन्या दोन-शब्दी नावासारखं दिसतं, आणि तुमची शंका तिथूनच सुरू होते. तुमच्या टिपणात पुस्तिकेतल्या नावापुढे ‘एचसीएच’ असं लिहून ठेवा, आणि हेक्साक्लोरोबेंझीनला वेगळं पान द्या.