जमिनीचा कारभार जोखायचा कसा?

प्रश्न : सातबारा आता घरबसल्या मिळतो आणि भूमी अभिलेखांच्या देशपातळीवरील क्रमवारीत महाराष्ट्र वरच्या स्थानी असल्याचे वाचले. आमच्या उताऱ्यावर मात्र दिवंगत आजोबांचेच नाव आहे आणि भावकीत तोंडी वाटणी होऊन वीस वर्षे झाली, तरी नकाशात गट अखंडच दिसतो. मग एखाद्या देशाचा जमीनविषयक कारभार चांगला चालतो, हे ठरवतात तरी कशावरून?
— एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : आपण वाचलेली क्रमवारी बहुधा नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेची असावी. 2020 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या निर्देशांकात 100 पैकी 60 गुण संगणकीकरणाला आणि 40 गुण अभिलेखांच्या गुणवत्तेला होते. दस्त नोंदल्यापासून फेरफार होईपर्यंत लागणारा काळ, सामाईक खात्यांचे प्रमाण, उतारा आणि नकाशा यांतील क्षेत्राचा फरक या गोष्टी त्या 40 गुणांत येतात. माझ्या मते हे वजन उलटे असायला हवे होते, कारण शिळी नोंद संगणकावर चढवली म्हणून ताजी होत नाही.

जागतिक बँकेचा 2021 मध्ये बंद झालेला ‘डुइंग बिझनेस’ अहवाल तर आपल्या प्रश्नाच्या जवळपासही येत नव्हता. एका कंपनीने आधीच नोंदलेली, वादमुक्त मालमत्ता विकत घेतली तर किती टप्पे, दिवस आणि पैसे लागतात, हे तो मोजत असे, आणि भारतासाठी पाहणी मुंबई व दिल्ली या दोनच शहरांची होती.

या मोजमापाची मर्यादा रवांडात स्पष्ट दिसते. त्या देशाने 2009 ते 2013 या काळात हवाई छायाचित्रांवर गावकऱ्यांकडूनच हद्दी दाखवून घेऊन 1 कोटीहून अधिक भूखंड नोंदवले, विवाहित स्त्रियांची नावेही पतीबरोबर लावली, आणि वरील अहवालाच्या 2020 च्या आवृत्तीत मालमत्ता नोंदणीत जगात तिसरे स्थान मिळवले. हे काम खरोखर मोठे होते. मात्र बहुतेक कुटुंबांची शेती एक हेक्टरपेक्षा कमी असताना 2013 च्या कायद्याने त्याहून लहान तुकडे पाडण्यास मनाई केली, शिवाय हस्तांतराचे शुल्क तुकडा लहान असो वा मोठा, सारखेच ठेवले. त्यामुळे लहान शेतकऱ्यांचे पुष्कळ व्यवहार साध्या कागदावर होत राहिले आणि नोंदवही वस्तुस्थितीपासून पुन्हा दूर जाऊ लागली.

म्हणून मृत्यू, विक्री किंवा वाटणी झाल्यावर नोंद आपणहून आणि परवडणाऱ्या खर्चात बदलते का, तसेच उतारा, नकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट एकमेकांशी जुळतात का, हीच खरी कसोटी मी मानतो. आपल्याकडे ती अधिक कठोरपणे लावली पाहिजे, कारण 1908 च्या नोंदणी कायद्यान्वये दस्ताची नोंद होते, मालकीची हमी मिळत नाही, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते.

आपल्या बाबतीत दोन कामे वेगवेगळी आहेत. वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांत कळवण्याची जबाबदारी कलम 149 ने वारसांवरच टाकली आहे. मुदत उलटली असली, तरी वारस नोंदीचा अर्ज आधी करावा. त्यानंतर सर्व सहधारकांच्या संमतीने कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करावा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी, म्हणजे उताऱ्याबरोबर नकाशाही बदलेल.