एक लाख वीस हजारांचा कोर्स आणि ७९ चा आकडा

पत्र : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीजीपीए ६.८. फ्लुइड मेकॅनिक्स दुसऱ्या प्रयत्नात सुटला, आणि प्रोजेक्ट मात्र हट्टाने त्यातलाच घेतला : ५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून २० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारी हवा, तिच्यासोबत बारीक वाळू, पुढे ९० अंशांचा बेंड, हे सगळं ओपनफोम या प्रवाहाचं गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. रात्र रात्र लॅपटॉपसमोर बसते, पण उत्तर जुळत नाही. नुसत्या हवेचा दाब हाताच्या गणिताने मीटरमागे ९४ पास्कलने उतरतो, कॉम्प्युटर ७९ दाखवतो. मी तिच्या गाइडना फोन करून प्रोजेक्ट बदलून देता येईल का विचारलं. पुण्यातल्या एका क्लासचा सहा महिन्यांचा सीएफडीचा, म्हणजे प्रवाहाचं गणित कॉम्प्युटरवर सोडवण्याचा, कोर्स आहे, फी १ लाख २० हजार, नोकरीची हमी देतात. १० हजार भरून जागा धरली आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. ती म्हणते, आधी कुठे चुकतंय ते कळू दे. तिला हे क्षेत्र झेपेल का?
– एक पालक, सांगली

नमस्कार.

कोर्सचं नंतर बघू. आधी तो फोन. मुलगी एकवीस-बावीस वर्षांची आहे, आणि तिच्या गाइडकडे तिचा प्रोजेक्ट बदलायची विनंती तिच्या परस्पर जाते. आता गाइडच्या मनात तिची प्रतिमा काय उरली असेल? ‘हिला झेपत नाहीये, घरच्यांनाही ठाऊक आहे.’ पुढे तिला शिफारसपत्र याच माणसाकडून घ्यायचं आहे. तुमचा हेतू वाईट नव्हता हे पत्रातून दिसतं. पण काळजीपोटी केलं म्हणून नुकसान कमी होत नाही. दहा हजारांचंही तेच. पैसे तुमचे असले तरी सहा महिने तिचे आहेत. आज संध्याकाळी दोन्ही गोष्टी तिला सांगून टाका, आणि गाइडना पुन्हा फोन करायचा की नाही ते तिलाच ठरवू द्या.

आता ७९ आणि ९४. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर सॉल्व्हरचं, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव सिम्पलफोम दिसतं. हवेची घनता बदलत नाही असं धरून चालणारा हा सॉल्व्हर दाब पास्कलमध्ये देतच नाही, दाबाला घनतेने भागून देतो. हवेची घनता साधारण १.२ किलो प्रति घनमीटर. ७९ ला १.२ ने गुणा. ९४.८ येतात. म्हणजे ज्या सोळा टक्के ‘चुकी’साठी तुम्ही प्रोजेक्ट बदलायला निघालात, ती चूक नव्हतीच, एकक वेगळं होतं. मुलीला उत्तर सांगू नका. ‘शून्य’ नावाच्या फोल्डरातली ‘पी’ ही फाइल उघडून डायमेन्शन्सची ओळ नीट वाच, एवढंच म्हणा. तिथे ० २ -२ असे आकडे असतील. पहिली जागा किलोग्रॅमची, आणि तिथे शून्य आहे. पास्कल असता तर १ -१ -२ दिसलं असतं. उरलेलं तिचं तिला कळेल, कारण फ्लुइड मेकॅनिक्स तिने दोनदा वाचलं आहे.

पत्रामागे एक समजूत अशी दिसते की सॉफ्टवेअर शिकलं की सीएफडी आलं, आणि स्क्रीनवर ‘कन्व्हर्ज्ड’ उमटलं की उत्तर बरोबर. क्लासवाले नेमकी हीच समजूत विकतात. ‘कन्व्हर्ज्ड’चा अर्थ इतकाच की तुम्ही दिलेली समीकरणं, पाइपातली जागा बारीक चौकटींत विभागायला तुम्ही आखलेल्या जाळीवर, तुम्ही ठरवलेल्या मर्यादेपर्यंत सुटली. जाळीच चुकीची असेल तर चुकीचं उत्तरही छान कन्व्हर्ज होतं आणि त्याची रंगीत चित्रंही सुरेख येतात. या पाइपात रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळीचा हे सांगणारा आकडा) साधारण ६७ हजार आहे, म्हणजे प्रवाह टर्ब्युलंट, खळबळीचा. के-एप्सिलॉन हे खळबळीचं मॉडेल वॉल फंक्शनसह (म्हणजे भिंतीलगतचा थर न उलगडता सूत्राने धरून) घेतलं तर भिंतीलगतच्या पहिल्या सेलचा, म्हणजे जाळीतल्या चौकटीचा, मध्य भिंतीपासून निदान ०.४५ मिलिमीटर लांब हवा, म्हणजे वाय-प्लस (भिंतीपासूनचं अंतर प्रवाहाच्या मापात) ३० च्या वर राहतो. विद्यार्थी काय करतात? उत्तर जुळेना की जाळी बारीक करत जातात. वाय-प्लस ५ ते ३० च्या मध्ये अडकतो, तिथे वॉल फंक्शनही नीट लागू पडत नाही आणि भिंतीलगतचा थरही पुरता उलगडत नाही, आणि जाळी बारीक करूनही उत्तर बिघडतं. भिंतीपर्यंत खरोखर जायचं तर के-ओमेगा एसएसटी हे दुसरं मॉडेल घ्यायचं आणि पहिल्या सेलचा मध्य १५ मायक्रॉनवर आणायचा. मधला रस्ता नाही. शिवाय प्रवाह पुरता स्थिरावायला आरंभी व्यासाच्या २८ पट, म्हणजे जवळजवळ दीड मीटर सरळ पाइप लागतो. तोंडाजवळच दाब मोजला तर घट जास्तच दिसणार. यातलं काहीही मेनूतलं बटण दाबून कळत नाही. हे कळतं ते उत्तर जुळत नाही म्हणून अडून बसणाऱ्याला.

वाळू सोडण्याआधी नुसत्या हवेचं उत्तर तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर जुळवून घ्यायचं. वाळू आली की दाबाची घट वाढते, मग ९४ शी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. पुढचा खड्डा असा : हवेच्या वजनाइतकीच वाळू सोडली (या पाइपात ताशी साधारण १७० किलो), तरी आकारमानाने ती दहा हजारांत साडेचार भागच भरते. ‘इतकीशी तर आहे’ म्हणून पोरं वन-वे कपलिंग ठेवतात, म्हणजे हवा कणांना ढकलते पण कण हवेला अडवत नाहीत. वजन मात्र बरोबरीचं आहे, तेव्हा टू-वे लागणारच. गुरुत्वाकर्षण चालू आहे ना, तेही बघावं; काही सॉफ्टवेअरमध्ये ते मुळात बंद असतं. कण भिंतीवर आपटून परतताना किती वेग राखतो, तो गुणांक बऱ्याचदा १ वरच राहून जातो, आणि वाळू रबरी चेंडूसारखी अनंतकाळ उसळत राहते.

बेंडमध्ये १०० मायक्रॉनचा कण वळतच नाही. त्याला हवेचा वेग पकडायला सेकंदाचा सुमारे बारावा भाग लागतो, तेवढ्यात हवा दीड मीटर पुढे गेलेली असते. तो सरळ बाहेरच्या भिंतीवर जातो. औष्णिक वीज केंद्रांत राख वाहून नेणाऱ्या पाइपांचे बेंड बाहेरच्या बाजूनेच झिजून भोकं पडतात, ते यामुळे. मुलीचा प्रोजेक्ट हा असा आहे. सिमेंट, राख, धान्य, औषधांची पावडर, जे काही हवेने पाइपातून ढकललं जातं त्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न आहे. शेवटच्या वर्षाला तो बदलण्यासारखा नक्कीच नाही.

झेपेल का? ६.८ आणि एक सुटलेला बॅकलॉग यावरून काही ठरत नाही. ‘आधी कुठे चुकतंय ते कळू दे’ या वाक्यावरून बरंच ठरतं, आणि तेच तुम्ही हट्ट म्हणून लिहिलंय. पण गोड स्वप्नंही नकोत. या क्षेत्रातल्या पहिल्या नोकरीत बहुतेक वेळ दुसऱ्याच्या ड्रॉइंगमधल्या फटी बुजवण्यात आणि जाळी करण्यात जातो. कंटाळवाणं काम आहे, पगार आयटीतल्या मित्रांपेक्षा कमी असू शकतो, आणि चांगल्या जागांना एम.टेक. विचारतात. त्यासाठीची गेट ही प्रवेशपरीक्षा मेकॅनिकलमधून देता येते किंवा एक्सई (इंजिनीअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये फ्लुइड मेकॅनिक्सचा विभाग घेऊन; त्याची तयारी ती तिची करेल.

शिकायला पैसे लागतात असंही नाही. ओपनफोम फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे आहेत, आणि तिथल्याच फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात विद्यार्थी ओपनफोमवर केस स्टडी करून देतात. मुलाखतीला प्रमाणपत्र नेण्यापेक्षा तिने पाच पानांचा रिपोर्ट न्यावा : तीन जाळ्या, हाताचं गणित, वाय-प्लसचा तक्ता, आणि ७९ चे ९४ कसे झाले याचा एक परिच्छेद. मुलाखत घेणारा त्याच परिच्छेदावर थांबेल.

क्लासला लेखी विचारा की हमी कोणत्या कामाची, किती पगाराची, आणि नोकरी न लागल्यास फी परत मिळते का. उत्तर बहुधा ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ असं येईल, म्हणजे मदत, हमी नव्हे. धरलेल्या जागेचे दहा हजार परत मागा. पावतीवर ‘परतावा नाही’ असं छापलेलं असेल तर ते गेले असं समजा, पण ते वाया जाऊ नयेत एवढ्यासाठी उरलेले १ लाख १० हजार भरून बसू नका.