प्रश्न तुमचे : चालू एन्क्लोजरमधलं मॉड्यूल बदलताना

प्रश्न : आमच्याकडे २४ डिस्कचं स्टोरेज एन्क्लोजर (डिस्क बसवायची पेटी) आहे, मागे ए आणि बी अशी दोन आयओ मॉड्यूल (डिस्क सर्व्हरला जोडणारे भाग). परवापासून बीवर पिवळा लाईट लागलाय, पण डेटा व्यवस्थित दिसतोय, कोणाची तक्रार नाही. नवीन मॉड्यूल आलंय. साहेब म्हणतात हॉट-स्वॅप आहे ना, मग काढ आणि घाल, थांबलायस कशाला. माझा धीर होत नाहीये. बंद करून करू का?

उत्तर : बंद करू नका, चालू असतानाच करा. उलट वर्षानुवर्षं फिरत असलेल्या डिस्क एकदा थांबवल्या की त्यातली एखादी परत उठतच नाही, आणि मग एकाचे दोन बिघाड होतात. पण साहेबांना एवढं नक्की सांगा की हॉट-स्वॅप म्हणजे मशीन बंद न करता काढता येतं, मनात येईल तेव्हा काढावं असं नाही. बी तसंही बिघडलेलंच आहे, ए सगळं सांभाळत असेल तर ते काढल्याने काही बिघडत नाही. जपायचं आहे ते ए ला, कारण आत्ता सगळा भार त्या एकट्यावर आहे आणि घाईत चुकून त्याचं हँडल ओढलं गेलं तर २४च्या २४ डिस्क एका झटक्यात गायब.

म्हणून आधी ए खरंच सगळं सांभाळतंय का ते बघा. सॅस डिस्कला (सर्व्हरसाठीच्या डिस्कचा प्रकार) दोन पोर्ट असतात, एक ए कडे जातो आणि एक बी कडे, त्यामुळे एक बाजू गेली तरी डिस्क दिसत राहते. सर्व्हरवर मल्टिपाथचं (एकाच डिस्ककडे जाणारे दोन्ही रस्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्टेटस काढा आणि प्रत्येक डिस्कचा ए कडचा पाथ जिवंत आहे ना ते एकेक करून तपासा, वरवर नजर टाकून सोडू नका. मधेच कुठे साटा डिस्क (साध्या पीसीत असते ती) बसवली असेल तर तिला एकच पोर्ट असतो, मधे इंटरपोजर कार्ड (एका पोर्टचे दोन करून देणारं छोटं कार्ड) नसेल तर ती एकाच बाजूने दिसते. बॅकअप ताजा आहे ना बघा, लॉग काढून ठेवा (मॉड्यूल काढल्यावर त्यातलं बरंच हाती लागत नाही), आणि कुठली डिस्क रिबिल्ड होत असेल (म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीन डिस्कवर परत भरला जात असेल) तर जमेल तितकं थांबा. १६ टीबीची डिस्क २०० एमबी प्रति सेकंद या वेगाने सलग भरली तरी २२ तास लागतात, आणि वर रोजचं काम चालू असेल तर आणखी जास्त. रेड ५ (एकच डिस्क गेली तर डेटा वाचवणारी रचना) असेल तर तेवढा वेळ दुसरा कुठलाच बिघाड परवडत नाही.

केबलचंही बघा. या एन्क्लोजरच्या पुढे आणखी शेल्फ (म्हणजे अशीच एन्क्लोजर) साखळीने जोडलेले असतील तर बी निघाल्यावर पुढचे सगळे शेल्फही एकाच पाथवर येतात, त्यांचीही ए बाजू तपासा. नीट केलेल्या वायरिंगमध्ये एक बाजू वरून खाली आणि दुसरी खालून वर नेलेली असते, म्हणजे मधला अख्खा शेल्फ गेला तरी बाकीचे दिसतात, तुमच्याकडे तसं नसेल तर हे काम झाल्यावर तेवढं करून घ्या.

मग सॉफ्टवेअरमधून बीचा लोकेट लाईट (नेमकं कुठलं मॉड्यूल ते दाखवणारा) लावा आणि रॅकच्या मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नुसत्या "डावीकडचं" वर विश्वास ठेवू नका, समोरून डावं ते मागून उजवं होतं, आणि काही एन्क्लोजरमध्ये एक मॉड्यूल मुद्दाम उलटं बसवलेलं असतं त्यामुळे पोर्टचे नंबरही उलट्या क्रमाने येतात. म्हणून केबल काढायच्या आधी प्रत्येकीला लेबल लावा, फोटो काढा.

हाताला ग्राउंडिंगचा पट्टा बांधा आणि नवीन मॉड्यूल बसवायच्या वेळीच पिशवीतून काढा. आत ढकलण्याआधी त्याच्या मागच्या कनेक्टरवर टॉर्च मारा, पिन वाकडी असेल तर तसंच रेटलं की मिडप्लेन (डिस्क आणि मॉड्यूल ज्याला जोडलेली असतात तो आतला बोर्ड) खराब होतो, आणि मिडप्लेन बदलायचा म्हणजे मग मात्र अख्खं एन्क्लोजर बंद करावंच लागतं. सरळ सरकवा, शेवटी हँडल मिटवताना टक् आवाज आला पाहिजे. अडलं तर जोर लावू नका, बाहेर काढा, परत बघा.

प्रश्न : पॉवर सप्लाय गेलाय, नवीन यायला वेळ आहे. गेलेला काढून ठेवला तर चालेल का?

उत्तर : अजिबात नको. पंखे बऱ्याचदा पॉवर सप्लायमध्येच असतात, आणि तो काढला की तिथे जे भोक पडतं त्यातून हवा आत खेचली जाते, डिस्कवरून जायची ती जातच नाही. गेलेला असला तरी तो जागेवर राहू दे, निदान भोक बुजलेलं राहतं. नवीन हातात आल्यावरच जुना काढा आणि लगेच दुसरा घाला. तोवर चालू असलेल्या सप्लायची वायर कुणाच्या पायात येणार नाही एवढं बघा. आणि हो, जुन्याचा निकाल लावण्याआधी त्याची वायर आणि पीडीयूचं (रॅकमधल्या वीज पट्टीचं) सॉकेट तपासलंत का? पुष्कळदा सप्लाय चांगला असतो आणि सॉकेटच मेलेलं असतं.

प्रश्न : नवीन मॉड्यूल घातलं तरी पिवळा लाईट जात नाही. ते पण खराब आलंय का?

उत्तर : लगेच ओढून काढू नका! नव्या मॉड्यूलचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) दुसऱ्या बाजूशी जुळत नसेल तर बऱ्याच सिस्टिम आपणहून अपडेट करतात, त्याला काही मिनिटं लागतात, आणि अपडेट अर्धवट असताना काढलं तर चांगलं मॉड्यूल कायमचं जाऊ शकतं. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडची व्हर्जन बघा. ती सारखी असूनही लाईट तसाच असेल तर मग केबल, आधी नव्या मॉड्यूलचीच केबल काढून परत लावा, नाही जमलं तर नवी केबल लावून बघा, पण चालू बाजूची केबल काढून टेस्ट करायचा मोह आवरा. लाईट गेला की मल्टिपाथ परत बघा, प्रत्येक डिस्कला दोन पाथ दिसेपर्यंत जुनं मॉड्यूल परत पाठवू नका.