माती कपाळाला लावून ये

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. जिमची वर्षाची फी भरलीस, तीन आठवडे गेलास आणि आता बॅग खुंटीला लटकते आहे. 'काका, माझ्यात चिकाटीच नाही,' असं लिहिलंयस. मला ते पटलं नाही. पहिल्याच दिवशी दीड तास घाम गाळलास आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. असं रोज कोण करेल? तुझं चुकलं ते फक्त माप.

मी तेरा वर्षांचा असताना वडिलांनी मला तालमीत घातलं. पहिल्या दिवशी मी पन्नास बैठकांच्या तयारीनं गेलो होतो. वस्तादांनी विसाव्या बैठकीलाच थांबवलं. "उद्या ये," एवढंच म्हणाले. पुढचा महिनाभर हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचंच काम जास्त. ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेली ती तांबडी माती फावड्यानं खालची वर करायची. ती नखांत बसायची, शाळेत वहीच्या पानांवर बोटं उमटायची. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

एकदा आषाढात झड लागली होती. अंथरुणातून उठवेना. उशिरा जाऊन दारातच सांगितलं, आज जमणार नाही. वस्ताद रागावले नाहीत. "जोर मारू नकोस. माती कपाळाला लाव आणि जा घरी. पण येत जा." मी हौदात उतरलो, माती लावली, आणि उतरलोच आहे म्हणून दहा जोर मारले. पुढं अशा कितीतरी सकाळी आल्या. काही वेळा खरोखर नुसती माती लावून परतलो. पण वाट मोडली नाही.

ताप असेल, छातीत दुखत असेल, तेव्हा मात्र घरीच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. त्यात मर्दुमकी नको.

पैलवान खाशाबा जाधव आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं. पदकाची मिरवणूक सगळ्यांना ठाऊक आहे. मला मधल्या चार वर्षांतल्या सकाळींचं अप्रूप वाटतं.

तुला पदक नकोय, अंगात जोम हवाय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तिथं सावकाश पोचू. पहिले पंधरा दिवस रोज दहा मिनिटं भराभर चाल आणि घरी दहा बैठका मार. अकरावी मारावीशी वाटली तरी थांब. नव्या व्यायामानं मांड्या भरून येतात, काही दिवसांत उतरतं, घाबरू नकोस. वजनकाट्यावर महिनाभर चढू नकोस. मिसळही बंद करू नकोस, एकदम सगळं सोडणारा सगळंच सोडतो हे मी फार वेळा पाहिलंय.

बूट रात्रीच दाराशी काढून ठेव, मोजे आत घालून.

सोमवारी पहाटे पावणेसहाला मी रंकाळा टॉवरपाशी असेन. पाऊस असला तरी असेन. चालायचा कंटाळा आला तर तळ्याकडं बघून परत जाऊ, पण ये.

तुझा,
काका